जळालेली पिवळी वायर भंगारात जाऊ देऊ नका

कराडच्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: वडिलांच्या नावावर २०१२ची वॅगनआर आहे. वडील एसटीतून निवृत्त झालेले. गाडीतला जुना सीडी प्लेअर बंद पडला, त्यांना पेनड्राइव्हवरची भजनं ऐकता यावीत म्हणून मुलाने कोल्हापुरातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानातून १३,५०० रुपयांचा अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला. पैसे गूगल पेने दिले, बिल मिळालं नाही. बाराव्या दिवशी, गाडी दारात उभी असताना, डॅशबोर्डमधून धूर येऊन आग लागली. दुरुस्तीचा अंदाज ४५,००० रुपये. दुकानदार म्हणतो, ‘गाडीच जुनी, वायरिंग कुजलं होतं.’ विमा कंपनीने क्लेम नाकारला. कारणं दोन, ‘इलेक्ट्रिकल बिघाड’ आणि ‘गाडीत अनधिकृत बदल’. वर कुणीतरी सांगितलं की आरटीओचा ५,००० रुपये दंडही बसेल. शेवटी ते लिहितात, ‘माझ्या हौसेपायी बाबांची गाडी गेली. आता काय करू?’

सर्वात आधी ती शेवटची ओळ मनातून काढून टाका. वडिलांना भजनं ऐकता यावीत म्हणून तुम्ही रोज हेच काम करणाऱ्या माणसाकडे गेलात आणि त्याने मागितले तेवढे पैसे दिलेत. यात तुमची चूक नाही, आणि कायद्याच्या नजरेतही नाही.

दंडाची भीतीही सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने मनाई आहे ती आरसीवरचा (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल अशा बदलाला. इंजिन, इंधन, आसनसंख्या, रंग या त्यातल्या गोष्टी. तुम्ही ऐकलेला ५,००० रुपयांचा दंड कलम १८२अ(४)मधला आहे, आणि तो कायद्याने परवानगी नसलेल्या बदलांसाठी आहे. स्टिरिओचा उल्लेख आरसीवर कुठेच नसतो. साहजिकच विमा कंपनीचं ‘अनधिकृत बदल’ हे कारणही इथे लंगडं पडतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही पाठवलेला दुसरा फोटो मी मोठा करून पाहिला. मूळ कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, कापलेला आहे. स्टिरिओच्या पिवळ्या वायरीचं टोक सोलून गाडीच्या वायरीला नुसता पीळ दिलाय, वरची काळी टेप वितळून थेंबासारखी लोंबतेय. आणि फ्यूजच्या होल्डरमध्ये फ्यूजऐवजी तांब्याच्या तारेचा वेढा दिसतोय. पिवळी वायर म्हणजे चावी काढली तरी चालू राहणारा बारा व्होल्टचा पुरवठा. स्टिरिओची मेमरी त्यावर टिकते. लाल वायर चावीबरोबर बंद होते, पिवळी होत नाही. उभ्या, बंद गाडीत आग कशी लागली, याचं उत्तर बहुधा याच जोडात आहे. तिथे दहा-पंधरा अँपिअरचा फ्यूज असता तर तो उडाला असता आणि काम तिथेच थांबलं असतं.

म्हणून कळकळीने सांगतो, तो जोड, तो होल्डर, तो कापलेला कपलर आणि जळालेला स्टिरिओ यांतलं काहीही गाडीतून काढू देऊ नका. काही वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाच्या गाडीचं जळालेलं वायरिंग गॅरेजवाल्याने ‘साफसफाई’ म्हणून टाकून दिलं. सगळं खरं असूनही दाखवायला हातात काही उरलं नाही आणि आम्ही हरलो. ती केस मला अजून टोचते. तुमच्या बाबतीत तसं व्हायला नको. आधी अधिकृत वर्कशॉपच्या इलेक्ट्रिशियनकडून किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून पाहणी करून घ्या. आग कुठून सुरू झाली ते त्याच्याकडून लेखी घ्या, जागेवरचे फोटो त्याच्या सहीने जोडा. त्यानंतरच दुरुस्ती. काढलेले भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून घरी ठेवा.

‘वायरिंग कुजलं होतं’ हे दुकानदाराचं म्हणणं खरं धरलं तरी तो सुटत नाही. कारागीर तो आहे. वायरिंग खराब दिसलं तर काम घेण्याआधी सांगणं किंवा काम नाकारणं हे त्याचं कर्तव्य होतं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात याला सेवेतील त्रुटी म्हणतात. बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, म्हणजे बिल नाही ही अडचण तुमची कमी आणि त्याची जास्त. गूगल पेची नोंद आहे, ‘फिटिंग झालंय, संध्याकाळी घेऊन जा’ हा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आहे. व्यवहार झाला हे दाखवायला एवढं पुरे. फोन बदलू नका आणि ते चॅट पुसू नका.

विमा कंपनीचं पत्र नीट वाचलं तर त्यात एक गोम आहे. खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत इलेक्ट्रिकल बिघाड वगळलेला असतो हे खरं, पण त्याच पॉलिसीत आग आणि स्वयंप्रज्वलन (आपोआप पेट घेणं) यांपासूनचं नुकसान भरून देण्याचं वचन अगदी सुरुवातीला दिलेलं असतं. वायर निकामी होऊन स्टिरिओ नुसता बंद पडला असता तर कंपनीचं बरोबर होतं. इथे आग लागली आणि डॅशबोर्ड जळाला. तुमची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी नाही, ओन डॅमेजही, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारी आहे, हे मी शेड्यूलवर पाहिलं आहे.

मात्र किती मिळेल याबद्दल मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. स्टिरिओची किंमत विम्यातून मिळणार नाही. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी आयएमटी २४ हे वेगळं एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेलं जादा कलम) जादा प्रीमियम भरून घ्यावं लागतं, ते तुम्ही घेतलेलं नाही. बाकी हिशेब असा: अंदाजपत्रकात ३८,००० रुपयांचे पार्ट्स आणि ७,००० मजुरी आहे. प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा (जुनेपणाची घट) कापतात आणि दहा वर्षांपुढच्या गाडीत इतर भागांवरही ५० टक्केच. म्हणजे पार्ट्सचे १९,०००, मजुरीचे ७,०००, त्यातून सक्तीची वजावट, म्हणजे गाडीमालकाने स्वतः सोसायचा वाटा, १,०००. हाती साधारण २५,००० येतात. उरलेले २०,००० आणि स्टिरिओचे १३,५०० दुकानदाराने द्यायचे. एकच रक्कम दोघांकडून मागू नका, ग्राहक आयोगाला ते खटकतं आणि खटकायलाच हवं.

दाद कुठे मागायची? एकट्या विमा कंपनीविरुद्ध विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं, महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते आणि क्लेम नाकारल्यापासून एका वर्षात जावं लागतं. पण दुकानदार लोकपालाच्या कक्षेत येत नाही, आणि एकदा ग्राहक आयोगात गेलात की त्याच वादासाठी लोकपालाचा रस्ता बंद होतो. तुमच्या जागी मी असतो तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोघांविरुद्ध एकच तक्रार केली असती. विमा कंपनीच्याच सर्व्हेअरने (नुकसानीची पाहणी करणाऱ्याने) अहवालात ‘सैल जोड’ असं लिहिलं आहे. कंपनी ते तुमच्याविरुद्ध वापरतेय, पण तेच वाक्य दुकानदाराविरुद्ध तुमचा सर्वात भक्कम पुरावा आहे. दोघे एकाच टेबलासमोर आले की एकमेकांवर ढकलणं अवघड होतं. अहवालाची पूर्ण प्रत कंपनीकडून लेखी मागून घ्या.

दुकान कोल्हापुरात असलं तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडी आणि पॉलिसी वडिलांच्या नावावर, पैसे तुमचे, तेव्हा दोघांची नावं तक्रारदार म्हणून घाला. तुमच्या रकमेला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून अर्ज भरता येतो. मुदत घटनेपासून दोन वर्षं. कायद्याने निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत अपेक्षित आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, तशी तयारी ठेवा. मानसिक त्रासापोटी पाच लाख मागायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आगीचा धसका आणि गाडीवाचूनची अडचण सांगून बेताची रक्कम मागा, ती पदरात पडण्याची शक्यता जास्त.

त्याआधी दुकानदार आणि विमा कंपनी दोघांना १५ दिवसांची नोटीस पाठवा, साध्या मराठीत, पोचपावतीसह स्पीड पोस्टने. मसुदा करून मला पाठवलात तर मी वाचून देईन. आणि गाडीच्या बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलेलं आहे का, ते आज संध्याकाळीच पाहून घ्या.