गेम आला की मग…

गेल्या दोन-तीन वर्षांत सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक काळजी वारंवार ऐकू येते. आधी पालक म्हणायचे, "पोरगं गेम सोडत नाही." आता म्हणतात, "गेम अजून आलेलाच नाही, तरी पोरगं त्यातच बुडालंय." मध्यंतरी एका महिन्यात चार घरांनी हेच सांगितलं, दोन सांगलीची, एक मिरजेचं, एक तासगावचं. चौघांचा प्रश्नही तोच, "मॅडम, हे व्यसन आहे का?"

या सगळ्यांना मी जे सांगते, ते एका घराच्या निमित्ताने लिहिते आहे. त्यांनी परवानगी दिली आहे. नाव आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. मुलाला आपण ओंकार म्हणू.

ओंकार बारावी सायन्सला. वडिलांचा हळदीचा व्यापार, मार्केट यार्डात गाळा. घर सांगलीजवळच्या हरिपूरला, जुनं, वरच्या मजल्यावर पत्रे. पहिल्या भेटीत बहुतेक आईच बोलली. गेमच्या घोषणा परदेशातून होतात म्हणून पोरगा पहाटे तीनला उठून बसतो. सकाळी क्लासला डोळे तांबारलेले. नव्वद हजारांचा कॉम्प्युटर पाहिजे म्हणतो. आणि गेमची तारीख पुढं गेल्याची बातमी आली त्या दिवशी ताटावरून उठला, दोन दिवस कुणाशी बोलला नाही. "घरात मयत झाल्यासारखं तोंड करून बसला होता मॅडम. आणि कशासाठी? जे अजून नाहीच त्याच्यासाठी!"

वडील म्हणाले, "मी लॅपटॉप कुलपात ठेवतो म्हणालो. तर म्हणतो, ठेवा, गेम त्यात नाहीच."

हा गेम अंतराळातला. हजारो खेळाडू एकाच वेळी एकाच काल्पनिक आकाशगंगेत वावरतात. प्रत्येकाची एक भूमिका असते, कुणी वैमानिक, कुणी सैनिक, कुणी खाणवाला, आणि तीच भूमिका महिनोन् महिने जगायची. असे गेम बांधायला वर्षं लागतात. आधी घोषणा होते, मग झलक, मग निवडक लोकांना चाचणीसाठी प्रवेश, मग तारीख. आणि बऱ्याचदा ती तारीख पुढं जाते.

व्यसनाच्या प्रश्नाचं उत्तर मी पहिल्याच भेटीत देऊन टाकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे, आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटलेला असावा लागतो, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ झालेला असावा लागतो, नुकसान दिसत असूनही खेळणं चालू असावं लागतं, आणि हे सगळं साधारण बारा महिने दिसावं लागतं. ओंकार दिवसाला जेमतेम तासभर काहीतरी खेळायचा. त्याला व्यसनी म्हणणं चूक होतं. ऐकून आईचा चेहरा सैल झाला. वडिलांचा नाही. "मग हे आहे काय?" ते म्हणाले. त्यांचा प्रश्न रास्त होता.

ओंकारबरोबरच्या पहिल्या तीन भेटींत मी फक्त शिकत होते. "मला यातलं काही कळत नाही, तू समजावून सांग," एवढंच म्हणाले. तो आधी तुटक बोलला, मग सुटला. आइसलंडमधल्या एका कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' २००३ पासून चालू आहे, त्यातला बाजार खेळाडूच चालवतात, आणि तो इतका वाढला की २००७ मध्ये कंपनीने खरा अर्थतज्ज्ञ नेमला, हे मला त्याच्याकडून कळलं. 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक' २००८ मध्ये जाहीर झाला आणि डिसेंबर २०११ मध्ये आला. 'स्टार सिटिझन'साठी तर लोकांनी २०१२ पासून पैसे भरलेत आणि पूर्ण गेमची अजून वाट बघतायत. "म्हणजे थांबायची सवय असते मॅडम आमच्यात," तो म्हणाला. 'आमच्यात' हा शब्द मी वहीत लिहून ठेवला. नव्या गेमसाठी ऑनलाइन जमलेल्या त्याच्या गटात अकरा जण होते. एक नाशिकचा, दोघं कोचीचे, एक जकार्ताचा. कुणी कुणाला भेटलेलं नव्हतं, पण कामं वाटून झाली होती.

तिसऱ्या भेटीनंतर वडिलांचा फोन आला. आवाजात चीड होती. "तीनदा आला, आणि तुम्ही त्याच्याकडनं गेमच ऐकताय होय?"

मी विचारलं, "तुम्ही हरिपूरचे. पेव उघडलं की लगेच माणूस आत उतरतो का हो?"

जे सांगलीचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. हरिपूरला हळद जमिनीखालच्या खोल पेवांत साठवायची रीत होती. तोंड लहान, आत प्रशस्त, हवा बंद.

"नाही ओ," ते म्हणाले. "मरंल माणूस. काही तास उघडं ठेवायचं. कंदील सोडून बघायचा, विझतोय का." मग थोडं थांबून म्हणाले, "बरं. कळलं."

त्या दिवसापासून त्यांनी मला पुन्हा घाई केली नाही. पालकांना मी आता हा दाखला नेहमी देते, आणि सांगलीत तो दुसऱ्यांदा समजावावा लागत नाही.

चौथ्या भेटीत मी ओंकारला विचारलं, "तू या गेममध्ये कोण होणार? लढणारा?"

तो लाजला. "नाही. मी माल नेणार."

मग त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. न आलेल्या गेमसाठी त्याने हिशेबाचा मोठा तक्ता केला होता. कुठल्या ग्रहावर कुठलं खनिज स्वस्त मिळेल, कुठल्या तळावर साठवायचं, भाव वाढेपर्यंत किती दिवस धरून ठेवायचं. चाचणी खेळलेल्यांनी सांगितलेले आकडे त्यात भरले होते. वर रकान्यांची नावं इंग्रजीत, आणि मध्येच एका रकान्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, 'हमाली'. त्याच्या शेजारी 'तोलाई'.

"अंतराळात हमाल?" मी विचारलं.

"लोडिंगचा खर्च मॅडम. दुसरा शब्दच सुचला नाही."

"पप्पांनी बघितलंय हे?"

"गेमचं नाव काढलं की उठून जातात ते."

माझी शिकवण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराची, म्हणजे मनातला हट्टी विचार ओळखून सैल करण्याची. कि. मो. फडके यांनी तो आपल्याकडे रुजवला, आणि मराठीत काम करताना त्याची ताकद मला रोज जाणवते, कारण माणसाचा हट्ट कुठे आहे हे आपल्या भाषेतलं 'च' हे एक अक्षर दाखवून देतं. "तारीख पाळायलाच पाहिजे होती." "हाच गेम पाहिजे." ओंकारचे असे 'च' आम्ही दोन भेटींत शोधले आणि सैल केले. तारीख पुढं गेली तर वाईट वाटेल, पण ताट सोडण्याइतकं नाही, इथपर्यंत तो आला. तरी काहीतरी निसटतंय असं मला वाटत होतं. त्या रात्री जुनी टिपणं पुन्हा वाचली तेव्हा दिसलं. 'च'पेक्षाही एक साधा शब्द पानोपानी होता.

"गेम आला की मग झोप नीट करीन."

"गेम आला की मग मित्र होतील."

"गेम आला की मग वेळापत्रक पाळीन, कारण खेळायला वेळ काढायचा असेल."

वाट पाहण्यात मला काही गैर दिसत नाही. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांच्या संशोधनातून दिसलं आहे की एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती मिळाल्यावर आवडणं, या मेंदूतल्या वेगळ्या वाटा आहेत, आणि डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं काम मुख्यतः पहिल्या वाटेवर चालतं. म्हणून वाट बघण्याला स्वतःची गोडी असते. चकलीचा घाणा घरात सुरू झाला की पोरं ओट्याभोवती घुटमळतात, ती गोडी ताटातल्या चकलीला दरवेळी येत नाही. अडचण होते ती वाट पाहता पाहता बाकी सगळं जगणं त्या तारखेला गहाण पडतं तेव्हा.

पुढच्या भेटीला तिघांनाही बोलावलं. ओंकारची परवानगी घेऊन ती वाक्यं वाचून दाखवली. वडील लगेच म्हणाले, "बघा. असं असतंय ह्याचं. आज काही करायचं नाही."

आई खाली बघत होती. हळूच म्हणाली, "तुमचं तरी काय वेगळं आहे? भाव आला की मग पत्रे बदलायचे. तीन पावसाळे गेले. बादल्या लावून झोपतोय आपण."

कुणीच काही बोललं नाही. मी आईला विचारलं, "आणि तुमचा गुडघा? डॉक्टरांनी मागंच दाखवून घ्या म्हटलं होतं ना?"

"बारावी झाली की मग…" ती म्हणाली, आणि वाक्य अर्धंच राहिलं.

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. आतमध्ये तिघं एकमेकांकडे न बघता बसले होते. मी मुद्दाम बोलले नाही. इतक्या वर्षांत एवढं शिकले आहे की अशी शांतता समुपदेशकाने भरून काढू नये. तिच्यात घर स्वतःला बघत असतं. हा मुलगा 'की मग' कुठल्या गेममधून शिकला नव्हता. ती त्याच्या घरातली बोली होती.

शांतता मोडली ती ओंकारने. त्याने लॅपटॉप उघडला आणि वडिलांपुढे सरकवला. वडिलांनी चष्मा लावला. बोट रकान्यांवरून सावकाश फिरलं. हमालीवर थांबलं, पुढं गेलं.

"तूट धरली नाहीस," ते म्हणाले.

"अंतराळात माल वाळत नाही पप्पा."

"चोर तरी असतील?"

"आहेत. वाटेत जहाज लुटतात."

"मग ते धर की. आणि सगळा माल एका गाडीत घालायचा नाही." बोट अजून पडद्यावरच होतं. "हे किती दिवस धरून ठेवणार?"

"भाव येईपर्यंत."

वडिलांनी चष्मा काढला. बराच वेळ रुमालाने तो पुसत राहिले. "तसं नाही करायचं," ते म्हणाले. "अर्धा आधी काढायचा. घर चालतंय त्यावर." हे ते कुणाला सांगत होते, ते खोलीतल्या चौघांनाही कळलं.

माझ्याकडे येणाऱ्या बाकी पालकांना माझं सांगणं असं. पोराला गेमबद्दल विचारा, आणि त्याच बैठकीत अभ्यासावर घसरू नका. त्या दिवशी फक्त ऐका. त्याला त्यात कोण व्हायचं आहे हे जरूर विचारा, कारण घरात न सापडलेली जागा पोरं बऱ्याचदा तिथं शोधत असतात. पहाटेचं उठणं मात्र थांबवायला हवं, त्यात तडजोड नको. घोषणा सकाळी उठूनही तीच असते, आणि हे ओंकारला मी सांगण्याआधी त्याच्या गटातल्या नाशिकच्या मोठ्या मुलानेच पटवलं. बातम्या बघायची दिवसातली एक वेळ ठरवा.

कॉम्प्युटरला टक्क्यांचं आमिष करू नका. "नव्वद टक्के मिळव, मग घेतो" म्हटलं की घरात आणखी एक 'की मग' वाढतो. परवडत असेल तर कधी आणि किती ते स्पष्ट सांगा, नसेल तर तेही स्पष्ट सांगा. गेम येईल त्या आठवड्याची आखणी आधीच एकत्र बसून करा, कारण पहिल्या दिवशी सर्व्हरवर गर्दी उसळते, रांगा लागतात, आणि त्या वेळी घरातलं भांडण हमखास पेटतं. आणि झोप, जेवण, शाळा, मित्र हे एकेक करून सुटत जाताना महिनोन् महिने दिसत असेल, किंवा मूल मरणाची भाषा बोलत असेल, तर मात्र थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना लगेच दाखवा.

ओंकारची सीईटी झाली. गेमची तारीख मध्ये आणखी एकदा पुढं गेली. त्या संध्याकाळी मी स्वतःहून फोन केला. वडिलांनी उचलला, मागे ठोकाठोकीचा आवाज होता.

"तारीख गेली ना पुढं?" मी विचारलं.

"गेली की. वाईट वाटलं त्याला. जेवला पण." मग आवाज चढवून ते वर कुणाला तरी ओरडले, पुन्हा माझ्याशी बोलले, "पत्रेवाले आलेत मॅडम. ही दवाखान्यात गेलीय गुडघा दाखवायला. पोरगं वर उभं राहून पत्रे मोजून घेतंय. नंतर करतो फोन."