मोबाइलवरची रमी आणि शेमा

प्रश्न : मी ठाण्यातला बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू समाजातला तरुण. पगार झाला की मोबाइलवर पैसे लावून रमी खेळतो. रोज शेमा (आपली ज्यूंची मुख्य प्रार्थना) म्हणतो, तरी हात थांबत नाही. काय करू?

उत्तर : बाळा, शेमाचा शेवटचा भाग सावकाश म्हण. मनाच्या आणि डोळ्यांच्या मागे वाहवत जाऊ नये, म्हणूनच वस्त्राच्या कोपऱ्यांना सिसिथ, म्हणजे गाठी मारलेले गोंडे (आपल्या धर्मग्रंथातलं गणना 15:39). दारू सोडताना मी त्याच गाठी बोटांत घट्ट धरून बसायचो. आणि धर्मग्रंथातला याकोबाचा मुलगा योसेफ आठव! त्याचा मिसरी मालक पोटीफर, त्याच्या बायकोनं योसेफाला मोहात पाडायला त्याचं वस्त्र धरलं, तेव्हा तो ते तिच्या हातात टाकून पळाला. तूही पळ. ॲप आजच काढ, पगार आईकडे दे. शुक्रवारी सूर्यास्ताआधी फोन बंद कर, शनिवारी तारे दिसेपर्यंत उघडू नकोस. शब्बाथ, म्हणजे हा विश्रांतीचा दिवस, सुटल्यावर मात्र एकटा बसू नकोस, तीच वेळ अवघड.