पेशीपटलावरील प्रथिने आणि परदेशी पीएचडी

प्रश्न : माझी मुलगी सोलापुरात जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. पेशीपटलावरील प्रथिने व आजार या विषयात परदेशात पीएचडी करण्याची तिची इच्छा आहे. खर्च आम्हाला झेपेल का?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : खर्चाची चिंता तूर्त बाजूला ठेवावी, जर्मनीत पीएचडीचा विद्यार्थी बहुधा पगारी संशोधक असतो. तेथील झारलँड विद्यापीठ आणि कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठ यांनी याच विषयात संयुक्त प्रशिक्षण गट चालविला होता. विषय मात्र चिवट आहे. ही प्रथिने पटलातील मेदात रुतलेली असल्याने नुसत्या पाण्यात विरघळत नाहीत, आणि डिटर्जंटने सोडवून घेताना अनेकदा त्यांची घडीच (म्हणजे त्यांचा काम करणारा आकार) मोडते. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसे व पचनसंस्थेला ग्रासणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात हाच घडीचा घोटाळा असतो : सीएफटीआर या पटलावरील प्रथिनातील ५०८ क्रमांकाचे एकच अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतील एक दुवा) गळते, आणि मागावरचा जाणता कारागीर धागा सुटलेली चादर बाजूला काढतो तशी पेशी बहुतेक रेणू पटलापर्यंत पोहोचण्याआधीच मोडीत काढते. त्यामुळे अर्जात, माझ्या मते, गुणांइतकाच प्रयोगशाळेतील हात बोलतो. मुलीने प्रथिन-शुद्धीकरणाचा प्रकल्प आताच निवडावा आणि तो फसला तरी का फसला, हे अर्जात स्पष्ट लिहावे.