दवाखान्याच्या काउंटरवर नाव तोंडी सांगू नका (ज्ञानदा, जुई आणि 'ण')

ताई, तुमचं वाचता वाचता गॅसवरचा चहा उतू गेला. मुलगी 16 दिवसांची, '21 दिवसांत नाव द्या, नाहीतर दाखला मिळणार नाही' म्हणून दवाखान्याचे फोन, गुरुजींनी 'ण' अक्षर काढलंय म्हणून सासूबाई अडून बसल्यात, तुम्हाला ज्ञानदा हवंय आणि मिस्टरांना जुई. चौदा वर्षांमागं बेळगावात, आमच्या शहापुरातल्या घरी हाच गोंधळ होता. आम्हाला मुलगा झालेला, आणि आम्ही दवाखान्याचं ऐकलं.

आधी ते 21 दिवस. ती मुदत जन्माची नोंद करायची आहे, नावाची नव्हे. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणं नाव न देताही नोंद होते. पुढं 12 महिन्यांत नाव घालता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. त्यानंतरही 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. दवाखान्यात जन्म झाला असेल तर नोंद कळवणं हे त्यांचं काम, तुमचं नाही. मी वकील नाही, घरी शिवणकाम करते, तेव्हा खिडकीवर एकदा विचारून खात्री करा. पण 'नाव मागनं देतो' म्हणायला भिऊ नका.

बारसं, आत्या, घुगऱ्या यातलं मी तुम्हाला काय सांगायचं. माझं म्हणणं फक्त कागदाबद्दल आहे.

डिस्चार्जच्या दिवशी आमचे मिस्टर बिल भरायला खाली गेलेले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, 'हेसर एन इडतीरी?' (नाव काय ठेवणार?) बाळ रडत होतं, टाके ओढत होते, मी म्हटलं, 'ललित'. त्यांनी कन्नडमध्ये लिहून कागद पुढं केला. मराठी शाळेत असले तरी कन्नड विषय होता मला, वाचता येतं. ल, लि, त. तिन्ही अक्षरं बरोबर दिसली आणि मी सही ठोकली.

चूक तिथंच झाली, आणि ती माझी. आपण 'ललित' लिहितो आणि शेवटचा त आपोआप तोडून म्हणतो. कन्नडमध्ये तसं होत नाही, लिहिलेला त पूर्ण म्हणायचा. 'ललित्' असं हवं असेल तर त चा पाय मोडावा लागतो, म्हणजे अक्षराच्या डोक्यावर उजवीकडं शेंडीसारखं एक वळण येतं. ते वळण नव्हतं. बायकांचं ललिता हे नावसुद्धा तिकडं बऱ्याचदा तसंच तीन अक्षरांत लिहितात. मग कचेरीत ज्यानं कुणी त्यावरनं इंग्रजी टाइप केलं, त्यानं इकडच्या रिवाजानं त साठी टी-एच घातला (स्वाती, गीता यांच्या स्पेलिंगात घालतात तसा) आणि शेवटी ए. एल-ए-एल-आय-टी-एच-ए. लिंग : पुरुष.

दाखला आला तेव्हा आम्ही कन्नड वाचलं, खूश झालो, लॅमिनेट करून कपाटात ठेवला. (लॅमिनेट करू नका ओ! पुढं त्या प्लास्टिकवर कुणी शिक्का मारेना.) त्याच दाखल्यावर आधार काढलं, तेही ललिता. लसीच्या कार्डावर तेवढं ललित. साडेतीन वर्षांनी एलकेजीच्या ॲडमिशनला गेलो तर मॅडमनी कागद बघितला, माझ्या मांडीवरच्या चड्डीतल्या पोराकडं बघितलं आणि म्हणाल्या, 'मुलीला आणलं नाही?'

त्यानंतरची कचेरी. तिचं नाव घेत नाही, गावात राहायचंय. दवाखाना म्हणाला आम्ही कन्नडमध्ये बरोबर पाठवलंय, टाइप तिकडं झालंय. कचेरी म्हणाली आलं तसं टाइप केलंय, दवाखान्याचं पत्र आणा. पत्र आणलं तर त्यावर जावक नंबर नाही. नंबर घालून आणला तर साहेब मीटिंगला. 'नाळे बर्री.' म्हणजे उद्या या. हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकले, की घरी पोरगा काही मागायला आला की मीसुद्धा तेच म्हणायला लागले.

त्यातही सगळ्यात महागात पडलेली गोष्ट ऐका. टेबलावरच्या माणसानं ॲफिडेव्हिट आणायला सांगितलं. आम्ही नोटरीकडं गेलो, त्यांच्या टायपिस्टनं नेहमीचा मजकूर काढला, 'नावात बदल'. कचेरीनं तो वाचून हात वर केले. बदल आमच्याकडं होत नाही, कोर्टात जा. आम्हाला बदल हवाच कुठं होता? हवी होती दुरुस्ती. त्याच कायद्याचं 15 वं कलम चुकीच्या नोंदीसाठीच आहे. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून खाली सही-तारीख घालतात. ज्यांना खरं काय ते माहीत आहे अशा दोन माणसांचं निवेदन लागतं. हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही, आणि एका शब्दापायी सात महिने गेले. शेवटी आमच्या गल्लीतले एक निवृत्त कन्नड मास्तर सोबत आले. त्यांनी नवा अर्ज लिहिला, नवीन आलेल्या साहेबांसमोर दाखला ठेवला आणि 'पुरुष' या शब्दावर नुसतं बोट ठेवलं. वीस मिनिटांत काम झालं. मी बाहेर येऊन जिन्यावर बसून रडले.

मजा म्हणजे मधल्या काळात, 1 नोव्हेंबर 2014 ला, सरकारनं शहराचं इंग्रजी नाव बदलून बेळगावी केलं. दुरुस्त दाखला हातात आला तेव्हा वर नवं नाव छापलेलं. अख्ख्या शहराचं नाव बदलून झालं, पण माझ्या पोराच्या नावातली दोन अक्षरं काढायला मास्तर लागले! आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यातली एक खेप त्याला अ-आ यायच्या आत संपली.

आता तुमचं. इथनं पुढं माझी मतं आहेत, पटलं तर घ्या.

मुलींच्या नावाला शेवटच्या अक्षराचा त्रास कमी, पण ज्ञानदात ज्ञ आहे. आपण 'द्न्या' म्हणतो आणि स्पेलिंग डी-एन-वाय पासनं करतो. इथले कन्नड मास्तर तेच जे नाहीतर जी पासनं करतील. नाव सुंदर आहे, माझा विरोध नाही. पण ठेवणार असाल तर स्पेलिंग आज घरी ठरवा, वहीच्या पानावर कन्नड आणि इंग्रजी दोन्हीत मोठ्या अक्षरांत लिहा आणि ते पान अर्जाला टाचा. तोंडी काही सांगू नका. सहीच्या आधी इंग्रजी एकेक अक्षर बोट ठेवून वाचा, आणि कन्नड ओळ शेजारच्या एखाद्या कन्नड काकूंना मोठ्यानं वाचायला लावा. त्यांच्या तोंडून काय येतंय ते ऐका.

जुई कागदावर सोपं आहे. फक्त आपला ज त्यांच्याकडं नाही, शाळेत 'ज्युई' अशी हाक येईल. तेवढं चालत असेल तर मिस्टरांचं ऐका. टोपणनाव मात्र मीनू ठेवू नका. कन्नडमध्ये मीनू म्हणजे मासा. आमच्या नणंदेची मीनू सातवीपर्यंत भांडत होती.

सासूबाईंचा 'ण' म्हणजे हस्त नक्षत्राचा तिसरा चरण असणार, त्याची अक्षरं पू-ष-ण-ठ. ण वरनं नाव गुरुजींनाही सुचणार नाही. ते अक्षर पत्रिकेतल्या जन्मनावापुरतं ठेवतात किंवा त्याच नक्षत्राचं दुसरं घेतात. पू घ्या की, पूर्वा छान आहे. उत्तराभाद्रपदाच्या चौथ्या चरणाला 'ञ' येतो, त्यामानानं तुमचं बरं चाललंय. आणि अंकशास्त्रवाल्याकडं कुणी नेत असेल तर जाऊ नका. तो एक जादा ए घालायला सांगतो. जादा ए नं काय होतं ते वर लिहिलंय.

आडनाव आणि वडलांचं नाव पूर्ण लिहा, इकडं नुसतं इनिशियल टाकायची सवय आहे. आणि आधीपेक्षा हा दाखला आता जास्त जपायचा, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासनं जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडं जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच मागतात.

अर्ज भरलात की सही करायच्या आधी फोटो पाठवा, पत्ता आणि नंबर झाकून. कन्नड मी वाचून सांगते. दुपारी तीननंतर पाठवा, तोपर्यंत मशीनवर असते.