गालापागोसला आई-वडिलांना न्यायचंय, आईला बोट लागते: यॉट घ्यावी की बेटावर हॉटेलात राहावं?

पॅसिफिक महासागरातल्या इक्वेडोरच्या या बेटांच्या सहलीचं तुमचं गणित मला कळलं ते असं: आई अडुसष्टच्या आणि त्यांना बोट लागते, वडिलांना पक्ष्यांचं वेड, लेक दहा वर्षांची. सुट्टी एक तर मे महिन्यात, नाही तर दिवाळीत. यॉट महाग पडते, म्हणून बेटावर हॉटेल घ्यावं आणि रोज सकाळी बोटीने जाऊन यावं, म्हणजे आईंचाही त्रास वाचेल.

मी सासू-सासऱ्यांना घेऊन सोळा प्रवाशांच्या यॉटवर जाऊन आलोय, आणि आमच्या सासूबाईंना मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा मळमळतं. त्या अनुभवावरून सांगतो: यॉटच घ्या, मे महिन्यातच जा, आणि यॉट ठरवताना आधी तिचा मार्ग बघा. केबिनचे फोटो नंतर.

पहिलं बोट लागण्याचं. हॉटेलात राहिलं की समुद्र टळतो असं वाटतं, पण तसं होत नाही. सांता क्रूझ बेटावरून इसाबेला किंवा सान क्रिस्तोबाल या बेटांवर जायचं तर स्पीडबोटीने साधारण दोन तास लाटांवर आपटत जावं लागतं, दाटीवाटीने बसून. चांगली धडधाकट माणसं त्यात पिशवी तोंडाशी धरून बसलेली असतात. यॉट मात्र लांबचं अंतर बहुतेक वेळा रात्री कापते. आपण आडवे पडलेलो असतो, आणि आडव्या माणसाला बोट कमी लागते. सकाळी उठावं तर नांगर पडलेला, समोर बेट. केबिन घ्यायची ती खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्याजवळची. वरच्या मजल्यावरची मोठ्या खिडकीची केबिन महागही असते आणि हेलकावेही जास्त खाते. दोन सांगाड्यांची कॅटॅमरान मिळाली तर आणखी बरं, ती कमी कलंडते. गोळी कोणती ते डॉक्टरांना विचारा, पण ती मळमळायला लागण्याआधी घ्यायची असते हे आईंना बजावून ठेवा. आलेपाक सोबत असू द्या. सासूबाईंचा विश्वास गोळीपेक्षा त्यावरच जास्त होता.

आता मे की दिवाळी. तिथे साधारण जून ते नोव्हेंबर हम्बोल्ट या सागरी प्रवाहाचं थंड पाणी जोरावर असतं, आकाश मळभट, मधूनच भुरभुर पाऊस, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर समुद्र सर्वात खवळलेला. म्हणजे दिवाळी ऑक्टोबरात आली की नेमकी गैरसोयीची. मे महिन्यात पाणी अजून उबदार असतं, लेकीला स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून पाण्याखाली बघत पोहणं) करता येईल, आणि वडिलांसाठी एस्पान्योला बेटावर अल्बाट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी आलेले असतात. हा वेव्हड अल्बाट्रॉस जगात जवळपास याच एका बेटावर वीण करतो, एप्रिलच्या सुमाराला येतो आणि डिसेंबरापर्यंत असतो. मे महिना अंड्यांचा. जोडी समोरासमोर उभी राहून चोचीवर चोच खडाखडा आपटते, मान खाली-वर करते, मध्येच आकाशाकडे तोंड करून ओरडते. सासरे तिथून हलायलाच तयार नव्हते.

मार्गाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण एजंट हे आपणहून सांगत नाहीत. २०१२ पासून राष्ट्रीय उद्यानाचा नियम असा की, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर कुठलीही बोट त्याच ठिकाणी चौदा दिवसांच्या आत पुन्हा प्रवासी उतरवू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक बोटीच्या आलटून पालटून दोन फेऱ्या असतात, आणि दोन्हींत वेगळी बेटं. एकीत बहुधा पश्चिम: इसाबेलाची मागची बाजू आणि फर्नांडिना. दुसरीत एस्पान्योला, फ्लोरेआना किंवा उत्तरेचं हेनोवेसा. म्हणजे तीच यॉट, तीच केबिन, तेच पैसे, पण एका आठवड्यात अल्बाट्रॉस आणि पुढच्या आठवड्यात अल्बाट्रॉसचं नावही नाही. बोटीच्या नावाखाली छापलेली तारीखवार बेटांची यादी मागवा. आणि ‘आठ दिवस’ या शब्दावर जाऊ नका. पहिल्या दिवशी विमान दुपारी उतरतं, शेवटच्या दिवशी सकाळी विमानतळावर सोडतात. काही सहली चार आणि पाच दिवसांचे दोन तुकडे जोडून केलेल्या असतात, मग मधला अर्धा दिवस अर्धे प्रवासी उतरवण्यात आणि नवे घेण्यात जातो. आमच्या एजंटाने ही गोष्ट आगाऊ भरलेली रक्कम परत मिळायची मुदत संपल्यावर सांगितली. तुम्ही आधीच विचारा.

पश्चिमेची फेरी आणि एस्पान्योला दोन्ही एका आठवड्यात सहसा बसत नाही. पक्षीवेडे वडील आणि डुलणं सहन न होणाऱ्या आई, दोघांचा विचार करता मी तुम्हाला दक्षिणेची, एस्पान्योलाची फेरी सुचवेन. पश्चिमेला आणि हेनोवेसाला जाताना रात्रीचा पल्ला लांबचा आणि उघड्या समुद्रातला असतो. मात्र हेही सांगायला हवं की मला स्वतःला सर्वात जास्त आवडलं ते फर्नांडिनाच, आणि तिथे दिवसाच्या बोटी सहसा पोचतच नाहीत.

तिथला पुंता एस्पिनोसा हा किनारा म्हणजे नुसता काळा लाव्हा. थिजलेल्या दोरखंडांसारख्या वळ्या. आपण पाय टाकणार तोच गाइड दंड धरून थांबवतो, कारण समोरचा कातळ हा कातळ नसून एकमेकांच्या अंगावर पसरलेले शेकडो सागरी इग्वाना, म्हणजे मोठे सरडे, असतात. डोक्यावर मिठाचा पांढरा थर. हे समुद्रात बुड्या मारून शेवाळ खातात आणि अंगात गेलेलं जास्तीचं मीठ नाकातल्या ग्रंथींतून शिंकून टाकतात. फस्स, फस्स असा आवाज चहूबाजूंनी चालू असतो, आणि वारा आपल्या दिशेने असेल तर चष्म्यावर बारीक थेंब येतात. पलीकडे एक पाणकावळा पंख वाळत घालून उभा होता. पंख कसले, फाटक्या बाहीएवढे तुकडे. इथे त्याला पळवून लावणारं कुणी नव्हतं, अन्न सगळं पाण्यात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या उडणंच सुटलं. न उडणारा हा पाणकावळा फर्नांडिना आणि इसाबेला सोडून जगात कुठेही नाही.

ट्रेकर मंडळींना यात आणखी एक गंमत सापडेल. आपला दख्खनही असाच लाव्हाचे थर साचून झालेला, पण तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, झिजलेला, गवत उगवलेला. फर्नांडिनाचा ज्वालामुखी २०२४ च्या मार्चमध्ये फुटला आणि लाव्हा समुद्रापर्यंत वाहत गेला. पृथ्वीच्या पोटातली भट्टी तिथे जागच्या जागी आहे आणि वरचं नाझ्का भूपट्ट पूर्वेकडे सरकतंय, त्यामुळे पश्चिमेची बेटं कोवळी आणि एस्पान्योलासारखी पूर्वेची म्हातारी, बसकी.

गुडघ्यांचं विचारलं नाहीत, पण ते बोट लागण्याइतकंच महत्त्वाचं. यॉटवरून किनाऱ्यावर जायला रबरी होडी असते, तिला पांगा म्हणतात. काही ठिकाणी खडकावर पाय ठेवून उतरायचं, काही ठिकाणी होडीच्या काठावर बसून दोन्ही पाय बाहेर टाकायचे आणि गुडघाभर पाण्यात उतरायचं. खलाशाचा हात पंजात धरायचा नाही; त्याने आपलं मनगट आणि आपण त्याचं, अशी पकड घ्यायची, म्हणजे ओल्या हातानेही निसटत नाही. सासूबाई पहिल्या दिवशी हे करताना ‘गणपती बाप्पा’ म्हणाल्या आणि नंतर तो खलाशी रोज त्यांना त्याच मंत्राने उतरवायचा. बार्तोलोमे बेटावर साडेतीनशेहून जास्त लाकडी पायऱ्या आहेत, तिथे आई पांग्यातच राहिल्या तरी चालेल. खालून फिरताना पेंग्विन दिसण्याची शक्यता असते.

लेकीला दोन मीटरचा नियम आधी समजावा. प्राण्यापासून तेवढं लांब राहायचं, पण समुद्रसिंहाच्या पिल्लाला हा नियम कुणी शिकवलेला नसतो. ते येऊन बूट हुंगतं. अशा वेळी आपणच मागे सरायचं. समुद्रसिंहाची मादी आपल्या पिल्लाला वासाने आणि आवाजाने ओळखते, त्याला आपल्या हाताचा वास लागता कामा नये.

जेवणाची चिंता नको, भात आणि घेवड्याची उसळ तिथे रोजचीच. फक्त शाकाहारी म्हणजे मासेही नाहीत, हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. इक्वेडोरमधल्या क्विटो किंवा ग्वायाकिलला बेटांच्या विमानात बसण्याआधी सामान तपासतात. फळं, बिया, चिखलाचे बूट यांना बेटावर मज्जाव आहे.

पैशांत उद्यानाचं प्रवेशशुल्क धरा: ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढाला २०० डॉलर आणि बारा वर्षांखालच्या मुलांना १००. हे यॉटच्या भाड्यात बहुधा नसतं, रोख द्यावं लागतं. अमेरिकेत विमान बदलणार असाल तर त्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो.

आणि तिकिटं काढण्याआधी यलो फीव्हरच्या लशीचं बघा. बेटांवर तो आजार नसला तरी भारताचा नियम बेट नव्हे, आख्खा देश बघतो, आणि इक्वेडोर यलो फीव्हरच्या देशांच्या यादीत आहे. परतताना प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. साठीनंतर या लशीचा धोका वाढतो, तेव्हा आईंना आणि वडिलांनाही लस द्यायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय यॉटचे पैसे भरू नका.