‘लाइन’चे किती अर्थ पाठ करशील?

प्रिय बेटा,

तुझी वही सावकाश वाचली. ‘लाइन’ या शब्दापुढे तू पानभर अर्थ उतरवून काढलेस, आणि तरीही सराव परीक्षेच्या उताऱ्यात ‘हर जॉब इज ऑन द लाइन’ आलं तेव्हा ‘तिचं काम ऑनलाइन चालतं’ या पर्यायावर खूण केलीस. तुझ्या मेहनतीत काही कमी नाही. अर्थ सुटे करून पाठ करायची पद्धतच कामाची नाही. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश तयार करणाऱ्यांनी ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले आहेत. कोण पाठ करणार ते? जन्मभर इंग्रजी बोलणाऱ्यांनीसुद्धा केलेले नसतात.

आधी हा शब्द आला कुठून ते बघ. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस. आपल्या विदर्भातलंच जवस, ज्याची चटणी तू घरून डब्यात आणतेस. आपण त्याचं बी खातो, तेल काढतो. युरोपात त्याच्या खोडातून धागा काढत. त्या धाग्याचं कापड ते लिनन आणि त्याची दोरी ती लाइन. दोरी ताणली की सरळ रेघ दिसते, म्हणून रेघही लाइन. मग रेघेसारखी उभी माणसं, कागदावरची अक्षरं, जमिनीवरचे रूळ, सगळ्यांना तेच नाव मिळालं. कोटाला आतून लिनन लावत, म्हणून अस्तराला लायनिंग म्हणू लागले.

आपल्या मराठीतलं ‘सूत’ घे. चरख्यावरचं सूत वेगळं. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला सूत लावतो. सुतार म्हणतो, ‘फळी दोन सूत कमी कर’, तेव्हा सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन माणसांचं सूत जमतं, आणि एखादा सुतावरून स्वर्ग गाठतो. हे तुला कोणी वहीत लिहून दिलं नव्हतं. शेजारी गवंडी आहे की सुतार, ‘जमलं’ आहे की ‘गाठला’, यावरून तुझं तुलाच कळत गेलं. इंग्रजी वाचतानाही तेच करायचं आहे.

आता तुझं अडलेलं वाक्य. कपडे ‘ऑन द लाइन’ असतील तर ते दोरीवर वाळत आहेत. आई ‘ऑन द लाइन’ असेल तर ती फोनवर आहे. नोकरी, अब्रू किंवा जीव ‘ऑन द लाइन’ असेल तर तो पणाला लागला आहे. शब्द तेच तीन, फक्त कर्ता बदलला. आणि मधला ‘द’ गेला, दोन शब्द जोडले गेले, की ते तुझं ऑनलाइन होतं. म्हणून उताऱ्यात ‘लाइन’ दिसला की आधी कर्ता शोध, मग त्याच्या मागेपुढे कोणता छोटा शब्द आहे ते बघ. ‘इन लाइन’ म्हणजे रांगेत. पण पुढे ‘विथ’ आला की अर्थ होतो ‘च्याशी सुसंगत’. धोरणांवरच्या उताऱ्यांत ‘इन लाइन विथ’ नेहमी येतं, ते पक्कं करून ठेव. कोणी ‘आउट ऑफ लाइन’ बोलला म्हणजे मर्यादा सोडून बोलला. ‘डाउन द लाइन’ म्हणजे पुढे कधीतरी.

‘लाइन्ड’ हा तर माझा आवडता. कागद लाइन्ड असेल तर रेघांचा, चेहरा असेल तर सुरकुतलेला, कोट असेल तर अस्तर लावलेला, आणि रस्ता ‘लाइन्ड विथ ट्रीज’ असेल तर दुतर्फा झाडांचा, आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या रस्त्यांसारखा. त्या नावात तरी लाइन का, विचारलंस कधी? इंग्रजांच्या छावणीत शिपायांच्या बराकी ओळीने बांधलेल्या असत, त्यांना लाइन्स म्हणत. त्यावरून मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स. टाकळीची पोलीस लाइन त्याच घराण्यातली. (घराण्यालाही इंग्रजीत लाइन म्हणतात, राजाचा वंश या अर्थी.) सीताबर्डीला एकमेकींना छेदणाऱ्या मेट्रोच्या ऑरेंज आणि ॲक्वा लाइनबद्दल वेगळं सांगायला नको.

मुलाखतीपुरती एक काळजी मात्र घे. आपल्याकडच्या काही ‘लाइन’ इंग्रजीत चालत नाहीत. वीज गेली की आपण ‘लाइन गेली’ म्हणतो. घरी, अभ्यासिकेत खुशाल म्हण, ती चांगली मराठी आहे. इंग्रजी बोलताना ‘द पॉवर इज आउट’. ‘लायनिंगचा शर्ट’ म्हणजे आपल्याला उभ्या पट्ट्यांचा वाटतो. इंग्रजी माणसाला आतून अस्तर लावलेला वाटेल. पट्ट्यांच्या शर्टाला ‘स्ट्राइप्ड’ म्हण. ‘तू कोणत्या लाइनला आहेस?’ हे मात्र थेट जुळतं, ‘लाइन ऑफ वर्क’ इंग्रजीत आहेच. रांगेला अमेरिकेत लाइन आणि इंग्लंडात क्यू म्हणतात. परीक्षेत दोन्ही येऊ शकतात.

‘डेडलाइन’ हा शब्द तू रोज वापरतेस. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची छावणी होती. कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. त्या हद्दीचं नाव डेडलाइन. मुदत हा अर्थ नंतर वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून रुळला. शब्दाचा एवढा इतिहास कळला की तो वेगळा घोकावा लागत नाही, म्हणून सांगितलं.

आता काम. वहीत अर्थांची यादी बंद. डाव्या पानावर पेपरातलं पूर्ण वाक्य जसंच्या तसं उतरव, उजव्या पानावर तेच तू घरी आईला कसं सांगशील तसं मराठीत लिही. शब्दाला शब्द ठेवायचा नाही. या आठवड्यात ‘रन’ घे: माणूस पळतो, नळ वाहतो, दुकान चालतं, उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, रंग जातो, सगळीकडे रनच. क्रिकेटचं पान वाचू नकोस, तिथे एकच अर्थ सापडेल. अर्थकारणाच्या आणि निवडणुकीच्या बातम्या वाच. रविवारी वही घेऊन ये, जिथे अडलीस तिथे पेन्सिलीने खूण करून ठेव. तिथूनच सुरुवात करू.

तुझे
सर