वाचकांचे प्रश्न : घरफोडी, डीबी पथक आणि एलसीबी

पोलीस तपासाविषयी आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांचे मूळ एकच आहे : तपास कोण करतो आणि त्याला कशाची गरज असते, हे फिर्यादीला कोणी सांगत नाही.

प्रश्न : बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून आमचे दागिने गेले. सकाळी ठाण्यातले साध्या वेशातले चौघे आले, दुपारी एलसीबीवाले, संध्याकाळी फौजदार. तिघांना तेच सांगितले. तपास नक्की कोणाकडे आहे? विचारायचे कोणाला? — वाचक, कळंबा

उत्तर : एफआयआरवर ज्यांचे नाव तपासी अधिकारी म्हणून आहे, त्यांनाच विचारायचे. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(2) प्रमाणे तो तुमचा हक्क आहे.

बाकीचे दोघे कोण, तेही सांगतो. कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईसारखी क्राइम ब्रँच इथे नसते. जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या थेट हाताखाली स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखा असते, ती एलसीबी. आणि जुना राजवाडा, शाहूपुरी किंवा गडहिंग्लज अशा ठाण्यांत आपापले गुन्हे प्रकटीकरण पथक असते, ते डीबी. मध्यम आकाराच्या ठाण्यात डीबी म्हणजे एक सहायक निरीक्षक किंवा उपनिरीक्षक आणि साधारण चार ते आठ अंमलदार. लहान ठाण्यात दोन-तीन हवालदारांवरच भागते.

डीबीचे काम शोधायचे आणि पकडायचे. केस डायरी, रिमांड रिपोर्ट, दोषारोपपत्र हे सगळे लिहिणारा तपासी अधिकारी वेगळा असतो आणि त्याच्या टेबलावर अशी बरीच दप्तरे एकाच वेळी पडलेली असतात. एलसीबी गुन्ह्याचा समांतर तपास करते. त्यांना आरोपी सापडला तर मुद्देमालासह तो तुमच्याच ठाण्याकडे वर्ग होतो. म्हणून तीन पथके येणे चांगलेच; फक्त प्रत्येकाला तोंडी सांगत बसू नका. तोंडी सांगताना दर वेळी एखादा दागिना सुटतो किंवा वेळ बदलते आणि न्यायालयात बचाव पक्षाचा वकील नेमका तोच फरक धरून बसतो. एका कागदावर वेळ, चोरीला गेलेल्या वस्तू, संशय असल्यास त्याचे कारण असे लिहा आणि तिघांना त्याचीच झेरॉक्स द्या. फिर्यादी 60 वर्षांवरील पुरुष असेल किंवा महिला असेल तर जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊन घ्यावा लागतो.

प्रश्न : चोरी झाल्यावर पोलीस येईपर्यंत काय करावे आणि काय करू नये? ठशांचे पथक येईपर्यंत आमच्या सासूबाईंनी कपाट पुसून ठेवले होते. — वाचक, इचलकरंजी

उत्तर : दारातून मागे फिरा आणि 112 ला फोन करा. घरात कोणी दबून बसले असण्याचीही शक्यता असते.

ठसेतज्ज्ञांचे पथक ठाण्यात नसते, जिल्ह्याचे असते. त्यांना यायला दोन-चार तास लागू शकतात आणि एवढ्या वेळात घर आवरले जाते. ठसा उमटतो तो गुळगुळीत जागी : स्टीलचे कपाट, लॉकरचा पत्रा, काच, दागिन्यांच्या प्लॅस्टिकच्या डब्या, देवघरातली पितळी भांडी. खडबडीत भिंतीवर किंवा कापडावर पावडर मारून हाती फारसे काही लागत नाही. चोरट्याने पलंगावर उलट्या करून टाकलेल्या रिकाम्या डब्या बायका सवयीने एकात एक घालून ठेवतात. ठसा मिळण्याची सगळ्यात चांगली जागा तीच असते, हे लक्षात ठेवा. वाकलेला कोयंडा, तुटलेले कुलूप, मागे पडलेली कटावणी हलवू नका. हत्यार नंतर आरोपीकडे सापडले तर त्याच्या खुणा कोयंड्यावरच्या खुणांशी जुळवता येतात. घरातल्या सगळ्यांचे आणि कामवाल्या मावशींचेही ठसे घेतले जातील. तो संशय नव्हे. घरच्यांचे ठसे वगळले तरच परका ठसा वेगळा निघतो.

रात्रीची घरफोडी भारतीय न्याय संहितेच्या कलम 331(4) खाली येते. उद्देश चोरीचा असेल तर शिक्षा 14 वर्षांपर्यंत आहे. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करावा आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, असे सुरक्षा संहितेचे कलम 176(3) सांगते. राज्यांनी ही तरतूद पाच वर्षांच्या आत लागू करायची आहे.

आता वेळ. फिर्यादीत बहुतेक जण ‘रात्री केव्हातरी’ एवढेच लिहून मोकळे होतात. तपासाचे सगळ्यात जास्त नुकसान या दोन शब्दांनी होते. घटनास्थळाच्या टॉवरवरचे सगळे मोबाईल क्रमांक, म्हणजे डम्प डेटा, मागवायचा तो ठरावीक वेळेपुरता. ती वेळ आठ तासांची असेल तर शहरात हजारो क्रमांक येतात आणि त्यांतून परका क्रमांक काढायला डीबीत एकच संगणक जाणणारा अंमलदार असतो. तेच ‘साडेअकराला वरच्या मजल्यावरचा दिवा बंद केला, पहाटे पावणेतीनला शेजारची कुत्री भुंकत होती, साडेपाचला दूधवाल्याने दार उघडे पाहिले’ असे सांगितलेत तर पहिल्यांदा पावणेतीनच्या आसपासचा अर्धा तास चाळता येतो. शेजाऱ्यांना तुम्हीच विचारून ठेवा. पोलिसांपेक्षा तुम्हाला ते मोकळेपणाने सांगतील.

आणि दागिने. ‘दहा तोळे सोने’ ही नोंद कुचकामी आहे. प्रत्येक दागिना वेगळा, वजन ग्रॅममध्ये, घडण, सराफाची पावती, आणि अलीकडची खरेदी असेल तर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी. जुन्या ठुशीला, साजाला पावती नसते. मग लग्नातल्या अल्बममधला जवळचा फोटो शोधा. साजाची कोणती पाने बदलली, ठुशीची गाठ कोणत्या पटवेकऱ्याकडून कधी ओवून घेतली, अशा खुणा लिहा. सोने वितळले की हे सगळे संपते. लगड हस्तगत झाली तर ती कोणाची हे ठरवायला सराफाचा जबाब, वजनाचा मेळ आणि आरोपीने दाखवलेली जागा एवढेच उरते. गुन्ह्यातली किंमत कमी लिहिली म्हणून पुष्कळ लोक ठाण्यात भांडतात. त्यापेक्षा वजन बरोबर लिहिले आहे का ते पाहा. वस्तू परत मिळताना उपयोग वजनाचाच होतो.

प्रश्न : श्वानपथक आले, कुत्रे चौकापर्यंत गेले आणि घुटमळले. मग त्याचा उपयोग काय? — वाचक, जयसिंगपूर

उत्तर : कुत्रे थांबते तिथे बहुधा वाहन उभे होते. म्हणजे कॅमेरे त्या चौकाभोवतीचे बघायचे. न्यायालयात कुत्र्याच्या मागाला एकट्याने फारसे वजन नसते, पण दिशा मिळते.

प्रश्न : पोलीस आमच्या दुकानाचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, उचलून न्यायचे म्हणतात. द्यावा का? — किराणा दुकानदार, गांधीनगर

उत्तर : आधी फुटेजची प्रत देण्याची तयारी दाखवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. मात्र लगेच द्या. किती कॅमेरे आणि किती मोठी हार्डडिस्क यावर जुने फुटेज सात दिवसांत पुसले जाते की तीस, हे ठरते. फुटेज सातच दिवस राहत असेल आणि पोलीस दहाव्या दिवशी आले तर काहीच नसते. प्रत काढताना एक गोष्ट हमखास राहते : डीव्हीआरचे घड्याळ. वीज जाऊन येऊन ते दहा-पंधरा मिनिटे मागे-पुढे झालेले असते. स्क्रीनवरची वेळ आणि मोबाईलवरची खरी वेळ एकाच फोटोत घ्या आणि फरक पंचनाम्यात लिहायला लावा. हा फरक न नोंदवल्यामुळे टोलनाक्याच्या नोंदीशी तुमचे फुटेज जुळत नाही आणि चांगला पुरावा वाया जातो. किणी टोलनाक्यावरची किंवा निपाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची गाडी शोधताना मिनिटांचाच हिशोब असतो. हद्द ओलांडली की पुढचे कॅमेरे कर्नाटक पोलिसांकडून मागवावे लागतात.

फुटेज न्यायालयात चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चे प्रमाणपत्र लागते. त्याचा भाग ‘अ’ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने, म्हणजे तुम्ही, भरायचा. भाग ‘ब’ तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा, असते, त्यामुळे पेन ड्राइव्ह दिल्यावर ती फाइल उघडून नाव बदलणे, कापाकापी करणे असले काही करू नका. डीव्हीआर नेलाच तर जप्ती पंचनाम्यात मेक आणि सिरियल नंबर आहे ना ते बघूनच सही करा.

प्रश्न : मी पदवीधर आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. डीबीत किंवा एलसीबीत जायला वेगळी परीक्षा असते का? आणि हे लोक सारखे बंदोबस्तात का दिसतात? — वाचक, गारगोटी

उत्तर : वेगळी भरती नाही. आधी शिपाई म्हणून किंवा एमपीएससीतून उपनिरीक्षक म्हणून भरती व्हायचे, मग निवड. डीबीतली माणसे ठाण्याचे प्रभारी निरीक्षक ठरवतात, एलसीबीतली अधीक्षक. निवडताना पाहतात ते धावणे नव्हे. रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचे चेहरे आणि पद्धत लक्षात राहणे, तालुक्यातली बोली आणि सीमेवर कन्नड कळणे, सीडीआर, म्हणजे मोबाईलच्या कॉलचा तपशील, वाचता येणे, आणि खबरी. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड, कारण खबरी माणसाचा असतो, खात्याचा नसतो. हवालदार बदलला की त्याचे खबरी नव्या माणसाला फोन करत नाहीत.

बदलीचा हिशोब महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 22-एन मध्ये आहे : अंमलदाराचा एका ठिकाणी सर्वसाधारण कालावधी पाच वर्षे, उपनिरीक्षक ते निरीक्षक यांचा जिल्ह्यात चार, तर एलसीबीत तीन वर्षे. नव्या निरीक्षकांबरोबर पथकही बदलते, हा आमच्या मते या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा दोष आहे. जुन्या पथकातला किमान एक माणूस ठेवायलाच हवा.

बंदोबस्ताचे म्हणाल तर मनुष्यबळ एकच आहे. जोतिबाची चैत्र यात्रा, अंबाबाईचा नवरात्रोत्सव, गणेश विसर्जन, पंचगंगेला पूर आला की स्थलांतर. डीबीचे लोकही त्यातच. आणि घरे बंद ठेवून लोक जातात तेही याच दिवसांत.

प्रश्न : तीन महिने झाले, काही कळत नाही. एकाने सांगितले की तुमची ‘अ समरी’ झाली. म्हणजे काय? — वाचक, कागल

उत्तर : अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही. ब म्हणजे फिर्याद द्वेषाने खोटी दिली. क म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. अ समरीने तपास कायमचा मरत नाही. उद्या दुसऱ्या गुन्ह्यात पकडलेल्या आरोपीने तुमची घरफोडी कबूल केली की न्यायालयाला कळवून पुढचा तपास सुरू होतो. समरी मंजूर करण्याआधी न्यायालयाकडून तुम्हाला नोटीस येते. हरकत असेल तर तेव्हाच लेखी द्या. कॅमेरे तपासले नाहीत, अमक्याचा जबाब घेतला नाही, असे नेमके मुद्दे लिहा. ‘तपास नीट झाला नाही’ एवढ्याने काही होत नाही.

त्याच्याही आधी : सुरक्षा संहितेच्या कलम 193(3) प्रमाणे तपासाची प्रगती 90 दिवसांत फिर्यादीला कळवायची असते. गुन्हा रजिस्टर नंबर घालून तपासी अधिकाऱ्याला अर्ज द्या, पोच घ्या. उत्तर नाही आले तर उपविभागीय पोलीस अधिकारी, मग अधीक्षक.

प्रश्न : माझी चोरीला गेलेली मोटारसायकल दुसऱ्या तालुक्यात सापडली. ठाण्याच्या आवारात पावसात गंजते आहे. कधी मिळेल? — वाचक, मुरगूड

उत्तर : निकाल लागेपर्यंत थांबायचे कारण नाही. मुद्देमाल ठाण्यात सडवू नये, फोटो आणि पंचनामा करून मालकाच्या ताब्यात द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात 2002 मध्येच सांगितले आहे. न्यायालयात ताब्याचा अर्ज करा; सोबत आरसी, विमा, आधार. न्यायालय ठाण्याचे म्हणणे मागवते. मग बंधपत्र लिहून दिले की गाडी सुपूर्तनाम्यावर मिळते. अट असते की रंग बदलायचा नाही, विकायची नाही, बोलावल्यावर हजर करायची.

अडते ते बहुधा चासी नंबरावर. चोरट्याने तो घासला असेल तर पंचनाम्यातला क्रमांक आणि आरसीवरचा क्रमांक जुळत नाही. तेव्हा इंजिन नंबर पाहायला लावा, आणि दोन्ही घासले असतील तर न्यायसहायक प्रयोगशाळेकडून मूळ क्रमांक उठवून घेण्याची विनंती तपासी अधिकाऱ्याला लेखी करा. मधल्या काळात विमा कंपनीकडून पूर्ण दावा घेतला असेल तर गाडीवर हक्क कंपनीचा, अर्जही तिनेच करायचा.